कोमेजलेले आणि वाळलेले

शब्दकोश हा अडलेल्या शब्दाचा अर्थ पाहण्यापुरताच असतो, असे पुष्कळांना वाटते. मलाही एके काळी तसेच वाटे. शब्द शोधावा, समोर दिसेल तो पहिला अर्थ उचलावा आणि पुस्तक मिटावे, अशी माझी रीत होती. ही रीत किती उथळ आहे, हे मला कोणा पंडिताने नव्हे, तर नववीतल्या एका मुलाने शिकवले.

गोष्ट २००३ सालची. सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात त्या वर्षी दुष्काळ होता. मी तेथील एका खेड्यात मुख्याध्यापक होतो. मराठी हा माझा विषय. परंतु इंग्रजीच्या शिक्षकाची जागा रिकामी असल्यामुळे तो तासही मीच घेत असे. गावच्या विहिरी आटल्या होत्या आणि शाळेचा पट दिवसेंदिवस रोडावत होता.

एके दिवशी मी फळ्यावर पाच इंग्रजी शब्द लिहिले : श्रिंक, श्रिव्हल, ड्विंडल, विल्ट आणि विदर. त्याला कारणही तसेच घडले होते. मराठीत विहीर आटते, तापवलेले दूध आटते आणि धुतलेले कापडही आटते. म्हणून चाचणीत एका विद्यार्थ्याने तिन्ही ठिकाणी श्रिंक हाच शब्द योजून विहीर सदऱ्यासारखी आखूड करून टाकली होती! मी मुलांना समजावले, की श्रिंक म्हणजे आकाराने लहान होणे; त्यासाठी कोरडे व्हावेच लागते असे नाही. कापड तर पाण्यात भिजूनच आटते. एखादा मनुष्य कर्तव्याला कचरून मागे सरतो, तेथेही इंग्रजीत हाच शब्द चालतो. श्रिव्हल म्हणजे अंगातला रस गेल्यामुळे आकसणे, सुरकुतणे. ड्विंडल म्हणजे संख्येने किंवा परिमाणाने हळूहळू घटणे, आपल्या पटासारखे रोडावणे. राहिलेल्या विल्ट आणि विदर या दोन शब्दांपुढे मात्र मी एकच अर्थ लिहिला, ‘सुकणे’, आणि खडू खाली ठेवला.

तोच शेवटच्या बाकावरून एक मुलगा उठून उभा राहिला. तो महिनाभर शाळेत क्वचितच दिसे. आला तरी खाली मान घालून बसे. मी त्याला प्रश्न विचारणेही सोडून दिले होते.

“सर, दोन शब्द आहेत, तर दोन्हींचा अर्थ एकच कसा?” त्याने विचारले.

“दोन्हींत झाड सुकतेच ना?” मी म्हणालो.

“नाही सर. आमच्या परसातली वांगी दुपारी माना टाकतात. आई सांजच्याला भांडी धुतलेलं पाणी घालती. सकाळी बघावं तर रोपं ताठ उभी! ती सुकलेली नसतात सर, दमलेली असतात. खरं सुकलेलं झाड कितीबी पाणी घातलं तरी उठत नाही.”

वर्गात हशा पिकला. मीही हसून तो प्रश्न पुढे ढकलला. पण त्या रात्री मला चैन पडेना. कपाटातला मोठा कोश काढला आणि दोन्ही शब्द नीट वाचले. मुलाचे म्हणणे खरे होते. उन्हाच्या वेळी पानांतून जितके पाणी उडून जाते तितके मुळांना वर पोचवता येत नाही, तेव्हा पेशींतील ताण ढिला पडतो आणि पाने लोंबतात. हे विल्ट, आपले कोमेजणे. वेळेवर पाणी मिळाले तर यातून रोप सावरते. विदरचे तसे नाही. हा शब्द हवामानवाचक वेदर या शब्दाचेच एक रूप असावा, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. उन्हावाऱ्याचा मारा दीर्घकाळ सोसून जे वाळून निर्जीव होते, त्याचा तो शब्द. दोन्ही शब्दांच्या मध्ये आशेची एक रेघ होती आणि मी ती खडूच्या एका फटकाऱ्याने पुसून टाकली होती. मोल्सवर्थने १८३१ साली आपला मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्या मदतीस शास्त्रीमंडळी होती. माझ्या मदतीस एका शेतकऱ्याचे पोर धावून आले होते.

दुसऱ्या दिवशी कचेरीत बसलो, तो समोर सहीसाठी कागद आलेला. त्याच मुलाच्या वडिलांचा अर्ज होता. दसरा झाल्यावर सारे कुटुंब ऊसतोडीला जाणार, तरी मुलाला शाळा सोडल्याचा दाखला मिळावा, अशी त्यात विनंती होती. खरे सांगायचे तर हा अर्ज मला अनपेक्षित नव्हता. या मुलाचे शिक्षण संपले, असे मी मनात केव्हाच ठरवून टाकले होते. फळ्यावर केलेली चूक मी त्याच्या बाबतीत आधीच करून बसलो होतो! कोमेजलेल्याला मी वाळलेले समजलो होतो.

मी सही केली नाही. वडिलांना बोलावून घेतले. ते म्हणाले, “सर, पोराला शिकवायचं मनात लई हाय, पण हितं त्याला ठेवायचं कुणाच्या भरवशावर?” गावात मुलाची म्हातारी आजी राहणार होती. तिच्याजवळ त्याला ठेवावे असे ठरले आणि दोघांच्या धान्याचा भार आम्ही शिक्षकांनी आपसांत वाटून घेतला. फार मोठे असे काही आम्ही केले नाही. परसातल्या वांग्यांना भांडी धुतलेले पाणी पुरते; तितकेच ते होते.

मुलगा पहिला-दुसरा आला नाही. साध्या गुणांनी दहावी उत्तीर्ण झाला, पुढे शिकला आणि पाऊसपाणी सुधारल्यावर घरच्या शेतीत उतरला. आज त्याची द्राक्षबाग आहे. चार किलो द्राक्षे सुकवावीत तेव्हा कोठे किलोभर बेदाणा हाती येतो. दर उन्हाळ्यात तो नव्या बेदाण्याची पुडी घेऊन माझ्याकडे येतो.

यंदा पुडी हातावर ठेवताना त्याने हसत विचारले, “सर, याला श्रिव्हलच म्हणायचं ना?”

मी तळहाताकडे पाहिले. सुरकुतलेल्या हातावर सुरकुतलेले बेदाणे! “शब्द बरोबर आहे,” मी म्हणालो, “पण गोडी कमी झाली, असा अर्थ त्यात कोठेही नाही.”

आणि दोन दाणे मी तोंडात टाकले.