रोमचा विलास आणि खरा हिशेब

रोमचे साम्राज्य विलासाने बुडाले, असे चातुर्मासातील चर्चांत आपण सहज बोलून जातो. म्हणूनच यवतमाळच्या एका जैन कुटुंबातील एम.ए.च्या विद्यार्थिनीने प्राचीन रोमच्या अधःपतनावर निबंध लिहावयास घेतला, तेव्हा तिच्या आजोबांना विशेष आनंद झाला. आयुष्यभर कापसाचा व्यापार केलेले आजोबा म्हणाले, "अपरिग्रहाला याहून मोठा पुरावा कुठला, बेटा?" पर्युषणात हा निबंध समाजापुढे वाचला जाईल, असे त्यांनी चार जणांना सांगूनही ठेवले.

आरंभी पुरावे त्यांच्याच बाजूचे निघाले. इ.स.पूर्व १४६ मध्ये कार्थेजचा पाडाव झाला, शत्रूचे भय सरले आणि रोमची नीती ढासळली, असे इतिहासकार सॅलस्ट सांगतो. पुढे पहिल्या शतकात प्लिनीने तक्रार केली, की हिंदुस्थान दरवर्षी रोमचे निदान ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो.

मग तिने सनावळी मांडली. कार्थेजच्या पाडावापासून पश्चिम रोमचे राज्य संपले त्या इ.स. ४७६ पर्यंत सहाशेहून अधिक वर्षे भरतात. प्लिनीच्या निधनानंतरही साम्राज्य वाढतच होते, इ.स. ११७ च्या सुमारास, ट्राजनच्या काळात, त्याचा विस्तार सर्वाधिक होता. पूर्वेकडील वैभवशाली कॉन्स्टँटिनोपल तर तुर्कांच्या हाती पडले ते १४५३ मध्ये. रोग जडल्यावर रोगी सहाशे वर्षे जगला, तर त्या एकाच रोगाला मृत्यूचे कारण कसे म्हणावे?

नाण्यांनी निराळी साक्ष दिली. ऑगस्टसच्या काळी जवळजवळ शुद्ध असलेले चांदीचे नाणे इ.स. २७० च्या सुमारास पाच टक्के चांदीचेही उरले नव्हते. सैन्याचे वेतन, सीमेवरील युद्धे, गादीसाठी यादवी आणि साथीचे रोग यांनी खजिना रिता केला. भाव इतके चढले, की इ.स. ३०१ मध्ये डायोक्लेशनला कमाल दरांचे फर्मान काढावे लागले.

प्लिनीची तक्रारही एकाच वहीतली होती. त्याच शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, येथून भडोचला गाड्यांनी जाणाऱ्या मालाची नोंद आहे. त्यात तेरचे कापड आहे. कापसाच्या जिल्ह्यात वाढलेल्या मुलीला त्याचा अर्थ लगेच उमगला: रोमच्या वहीत जे नावे पडले, ते इकडच्या विणकराकडे जमा झाले.

मसुदा ऐकून आजोबा बराच वेळ गप्प राहिले. "म्हणजे विलास निर्दोष?"

"नाही, आजोबा. लोभाने माणसे बिघडली असतील. पण साम्राज्य त्यानेच बुडाले, असे मला लिहिता येत नाही."

"वाचताना काही वगळू नकोस," आजोबा अखेर म्हणाले. "ओल्या कापसाला मी कधी कोरड्याचे वजन धरले नाही. पुराव्यालाही तोच नियम."

परिग्रहाचे परिमाण साम्राज्ये टिकावीत म्हणून सांगितलेले नाही, ते आत्म्याच्या हितासाठी आहे. त्याला रोमच्या साक्षीची गरज नाही. पाच व्रतांत सत्य दुसरे आणि अपरिग्रह पाचवे. पाचव्याच्या रक्षणासाठी दुसरे मोडता येत नाही.