लॅमिंग्टन रोडची वारी

आमच्या मिरजेत सतारमेकर गल्लीत कुणी जुना तंबोरा विकायला काढला, तर घेणारा आधी भोपळ्यावर टिचकी मारतो, मग कान लावून बसतो. चकाकी शेवटी बघायची, असा तिथला रिवाज. तंबोरा जितका जुना तितका मुरलेला, हेही लहानपणापासून ऐकलेले. त्यामुळे धाकट्याने जेव्हा "आई, मला जुना लॅपटॉप घेऊन दे, गेम खेळायला," म्हणून टुमणे लावले, तेव्हा मला वाटले, त्यात काय एवढे! टिचकी मारून बघू आणि घेऊ.

अकरावीची परीक्षा झालेली, सुट्टी लागलेली. थोरला पुण्याला इंजिनिअरिंगला गेल्यापासून हा घरात एकटाच. नव्या गेमिंग लॅपटॉपच्या किमती ऐकूनच आमच्या ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला. "जुना मिळाला तर बघा. पण माझ्याकडून एक पैसा नाही," एवढे मात्र पेपराआडून आले.

आता पैसा म्हणाल तर माझ्या भिशीचा नंबर नुकताच लागला होता. तीस हजार. मी घरी ब्लाऊज शिवते. पिको-फॉलला साड्या दुसरीकडे पाठवाव्या लागतात, त्यात निम्मी मजुरी जाते. म्हणून पिको-फॉलचे मशीन घ्यायचे, हे दोन वर्षांपासून मनात. पण मुलाचे तोंड बघितले आणि म्हटले, मशीन कुठे पळून चाललेय! आईपणाचा हा रोग तुम्हालाही असेलच.

शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसलो. रविवारी तिथली बरीचशी दुकाने बंद असतात, म्हणून शनिवार गाठायचा होता. पहाटे दादरला उतरून पुलावरून पश्चिम रेल्वेकडे आलो, तर खाली फुलबाजार भरात. झेंडूच्या टोपल्यांचा वास वरपर्यंत येत होता. चर्नी रोडला उतरून गिरगावात मावशीकडे गेलो. अंघोळ, पोहे, चहा झाला. मावशी म्हणाली, "ऑपेरा हाऊसवरून सरळ चालत जा गं. तोच लॅमिंग्टन रोड."

पाटीवर मात्र हे नाव नाही. पाटी म्हणते, डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. लॉर्ड लॅमिंग्टन 1903 ते 1907 मुंबईचा गव्हर्नर होता. साहेब जाऊन शंभर वर्षे उलटली, पण टॅक्सीवाल्यापासून हमालापर्यंत सगळ्यांच्या तोंडी अजून तोच. ज्या मिनर्व्हात 1975 साली 'शोले' लागला आणि वर्षानुवर्षे उतरला नाही, ते थिएटरही याच रस्त्यावरचे. आता ते नाही.

माझी या रस्त्याशी ओळख जुनी, आणि फारशी चांगली नाही. मी शाळेत असताना बाबांनी इथूनच एक सेकंडहँड टेपरेकॉर्डर आणला होता. दुकानात झकास वाजला. घरी आल्यावर चौथ्या दिवशी त्याने आईची नाट्यगीतांची कॅसेट गिळली. पेन्सिल घालून ती फीत गुंडाळत बसलेले बाबा मला अजून दिसतात. ते कुणावर चिडले नाहीत. फक्त म्हणाले, "दुकानात पाच मिनिटंच ऐकला, तिथंच चुकलं." हे वाक्य मी पदराला गाठ मारून नेले होते, ते बरे झाले.

अकराच्या सुमारास शटरे वर जाऊ लागली. उदबत्त्या लागल्या, हातगाड्यांवर खोकी आली. जुन्या इमारती, खाली वीतभर दुकाने, वर लाकडी जिने, आणि जिन्याजिन्यावर 'लॅपटॉप दुरुस्ती'च्या पाट्या. तापलेल्या कथलाचा वास. कुणी वायरींची भेंडोळी विकतो, कुणी नुसते स्क्रू. चिरंजीव तर पंढरपुरात आल्यासारखे हरखून गेले.

पहिल्या दुकानात भवानीची वेळ. "आओ भाभी, बैठो," म्हणत त्यांनी एक काळाभोर लॅपटॉप पुढे ठेवला. बटणांखाली तांबडे दिवे, झाकणावर ओरखडा नाही. आय-सेव्हन प्रोसेसर, जीटीएक्स 1050 टीआय ग्राफिक्स कार्ड, किंमत अठ्ठावीस हजार. मुलाचे डोळे त्या दिव्यांसारखेच लकाकले. त्यांनी गाड्यांचा एक खेळ लावून दाखवला. सुरेख चालला. पाच मिनिटे!

मी म्हटले, "अर्धा तास खेळू द्या त्याला. मी बसते." दुकानदार जरा हिरमुसला, पण बसू दिले.

वीस मिनिटांत पंखा मिक्सरसारखा ओरडायला लागला. मुलाने तापमान दाखवणारा आकडा पडद्यावर लावला होता, तो 97 अंशांवर गेला, आणि पडद्यावरची गाडी अडखळू लागली. मुलाने मला समजावले, की प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून आपोआप आपला वेग कमी करतो. आत धूळ साचली, की आणि प्रोसेसरवर लावलेली लेपासारखी पेस्ट सुकली, की असे होते. हे दुरुस्त होते, फारसा खर्च नाही.

मग त्याने काळ्या खिडकीत 'पॉवरसीएफजी' आणि 'बॅटरीरिपोर्ट' असे काहीसे टाइप केले. लॅपटॉप स्वतःच आपल्या बॅटरीचा अहवाल काढून देतो, हे मला तेव्हा कळले. नवी असताना ताकद 48 हजार, आज भरते 19 हजार. आणि बोट फिरवायची ती पट्टी एका बाजूने किंचित उचललेली होती. मला वाटले, बसवताना वाकडी बसली असेल. मुलगा हळूच म्हणाला, "आई, खालची बॅटरी फुगलीये." फुगलेली बॅटरी म्हणजे धोका. ती लगेच बदलावीच लागते.

सर्वांत मोठी गोम पुढेच होती. आय-सेव्हन हे नाव ऐकून मी भारावले होते. पण साडीचे नुसते नाव पैठणी असून भागत नाही, ती किती धुण्यांतून गेलीय ते बघावे लागते. तसे इथे 'पिढी' बघायची. हा प्रोसेसर सातव्या पिढीचा, 2017 सालचा. विंडोज 11 अधिकृतपणे चालायला इंटेलची साधारण आठवी पिढी लागते. विंडोज 10 चा नेहमीचा आधार कंपनीने 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवला. नाव नोंदवणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षेची मुदतवाढ दिली. शिवाय 1000 मालिकेच्या त्या ग्राफिक्स कार्डांना नव्या खेळांसाठीची सुधारणा ऑक्टोबर 2025 पर्यंतच. पुढे 2028 पर्यंत फक्त सुरक्षेची डागडुजी. जुने खेळ त्यावर अजून चांगले चालतात, नाही असे नाही. पण तंबोऱ्यासारखा लॅपटॉप मुरत नाही बायांनो, तो नुसता शिळा होतो.

"बिल आहे का मूळ मालकाचं?" मी विचारले. "भाभी, सेकंडहँड में बिल कहाँ मिलता है?" हे उत्तर. बिल नाही म्हणजे माल चोरीचाच असे नव्हे. पण उद्या कुणी दारात उभे राहिले तर दाखवायला आपल्याकडे कागद नको का?

मी काही बोलायच्या आधी मुलगाच उठला. "आई, नको हे." एवढेच म्हणाला आणि जिना उतरला. त्या दिव्यांकडे त्याने एकदा मागे वळून पाहिले, तेवढे मात्र मी पाहिले.

कोपऱ्यावर वडापाव खाल्ला. तो गप्प. मी विचारले, "एवढं काय खेळायचंय रे त्यावर?" तर आधी चार-पाच खेळांची नावे झाली. मग बराच वेळ चटणीशी चाळा करत म्हणाला, "दादा रात्री साडेनऊला हॉस्टेलवरून माइनक्राफ्ट खेळतो. त्याचे तिथले मित्र असतात. माझ्या फोनवर ते नीट चालत नाही. आता तो मला बोलावतच नाही."

मैत्रिणींनो, एकाच कॉटवर पाय आपटत भांडणारी ही दोन मुले. थोरला गेल्यावर घर शांत झाले, म्हणून मी सुखावले होते. याला ती शांतता खायला उठत होती, ते मला मुंबईत वडापावच्या गाडीवर कळले.

त्यानंतर एका लाकडी जिन्याने दुसऱ्या मजल्यावर गेलो. तिथे एक कोकणातले दुरुस्तीवाले, डोळ्याला भिंग लावून बसलेले. "बोला ताई." मी सगळे सांगितले. त्यांनी मुलाला पहिलाच प्रश्न केला, "खेळ कुठचा?" पहिल्या दुकानात हे कुणी विचारलेच नव्हते!

माइनक्राफ्ट म्हणजे चौकोनी ठोकळ्यांनी घरे, शेते, किल्ले बांधायचा खेळ. 2011 साली तो पुऱ्या रूपात बाहेर आला. साध्या मांडणीवर ठेवला तर त्याला वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही, प्रोसेसरमध्ये अंगचे असते तेवढ्यावर भागते. त्यांनी एक करडा, अगदी कचेरीत शोभेल असा लॅपटॉप काढला. आठवी पिढी, आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, एसएसडी डिस्क, विंडोज 11. एका कचेरीने काढून टाकलेल्या लॉटमधला, त्या लॉटच्या बिलासकट. खालचे झाकण उघडून त्यांनी पंखा दाखवला, नवी पेस्ट दाखवली. "ताई, बॅटरी दोन तास जाईल, जास्त सांगणार नाही. रॅमची ही एक जागा रिकामी आहे, पुढं वाढवता येईल. पण ग्राफिक्स यात कधी बदलता येणार नाही. मोठे मारधाडीचे खेळ यावर रखडतील. पोराला आत्ताच सांगून ठेवा." किंमत साडेसतरा हजार.

मुलाने आपल्या फोनचे इंटरनेट जोडून खेळ उतरवून घेतला. खाते दादानेच कधीतरी घेऊन दिलेले होते. मग दादाला फोन. शनिवार, दुपारची वेळ. थोरला जेवून लोळत असावा. पाच-दहा मिनिटांत पडद्यावर एक चौकोनी डोक्याचा बाहुला टुणटुणत आला आणि याच्या बाहुल्याच्या डोक्यावर कुदळ मारून उभा राहिला. हा खदखदून हसला. कितीतरी दिवसांनी मी ते हसू ऐकले. दुरुस्तीवाले भिंगातून बघत राहिले. अर्धा तास झाला, पंखा गुणगुणण्यापलीकडे गेला नाही.

तरीही मी स्पष्ट विचारले, "ते दुसरे मोठे खेळ नाही चालणार. चालेल तुला? मागाहून कुरकुर नको." तो म्हणाला, "नोकरी लागली की मी घेईन ना माझा. तू मशीन घे."

मशीनचे मी त्याच्यापाशी अवाक्षर काढले नव्हते. म्हणजे घरात ह्यांच्या पेपराआडून काहीतरी बोलणे झाले होते तर!

घासाघीस केल्याशिवाय मला कुठलीही खरेदी पचत नाही. सतरा हजारांवर तुटले. बिलावर लॅपटॉपच्या बुडावरचा नंबर, तीन महिन्यांची हमी आणि तारीख त्यांच्या हाताने लिहून घेतली. चार्जर मूळचाच आहे ना, तोही पाहिला. मोठ्या लॅपटॉपला भलताच कमी ताकदीचा चार्जर गळ्यात मारला, तर खेळ अडतो आणि दोष कशाचा ते कळत नाही. झाकण वीसदा उघडझाप करून बिजागरी पाहिली, पांढऱ्या पडद्यावर कुठे काळा ठिपका नाही ना पाहिले, सगळी बटणे एकेकदा दाबली, कॅमेऱ्यात स्वतःचा अवतारही पाहून घेतला.

तुम्हालाही असा प्रसंग येईल, तेव्हा एवढेच सांगते. आधी 'कोणता खेळ' हे विचारा, मगच 'कोणता लॅपटॉप'. वेगळे ग्राफिक्स कार्ड लागणारे खेळ असतील, तर जुन्यात हात घालताना प्रोसेसरची पिढी आणि कार्डाचे वय पाहा; नवी बॅटरी, साफसफाई यांचा खर्च किमतीत धरून मगच स्वस्त-महाग ठरवा. दुकानात अर्धा तास खेळू देत नसतील तर उठा. बिल नसेल तरी उठा. आणि मुलाला बरोबर न्या. मला शिकवणारा तोच निघाला.

परतीच्या गाडीत लॅपटॉपची पिशवी उशाशी घेऊन तो झोपला. माझ्याकडे तेरा हजार उरले होते. त्यात थोडी भर घालून जुने पिको मशीन मिळते, असे गल्लीतल्या शिंपीणबाई म्हणत होत्या. तेही अर्धा तास चालवून बघीन, मगच घेईन!

आता रात्री साडेनऊ वाजले, की आमच्या घरात पुन्हा दोन भावांची भांडणे ऐकू येतात. एक मिरजेत, एक पुण्यात. "गप्प बसा रे दोघं!" मी स्वयंपाकघरातून ओरडते. आणि थोरला लॅपटॉपमधून उत्तर देतो, "हो आई!"