तिरकी नजर

दिवाळी हा दिव्यांचा सण खरा; पण वर्षातला चांगला दाट अंधारही तोच घेऊन येतो, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. माझ्या धाकट्या भावाला मात्र अंधाराचेच वेड. भाऊबिजेला नांदेडहून लातूरला येतो तो आईला आणि आठ इंची दुर्बिणीला बरोबर घेऊन. ओवाळणे, जेवणे आटोपली, बीजेची कोर मावळली, की तो दुर्बीण घेऊन शहराबाहेर आमच्या शेतातल्या आखाड्यावर निघतो.

मध्यरात्रीच्या सुमारास ययाती नक्षत्र उत्तरेला उंच चढते. त्यातल्या मायावती ताऱ्याजवळच एक दीर्घिकासमूह आहे. हजाराहून अधिक दीर्घिका, सुमारे २४ कोटी प्रकाशवर्षे दूर! आमच्या दुर्बिणीला त्यांतल्या चार-पाचच गवसतात. त्याही काचेवर उरलेल्या वाफेसारख्या. लाल कागद गुंडाळलेल्या बॅटरीच्या उजेडात भाऊ नकाशा धरतो, आसपासच्या ताऱ्यांचे त्रिकोण जुळवतो आणि मग सांगतो, "ही १२७५, शेजारची १२७२." एवढ्या थोरल्या संसारांना नुसते आकडे! तुम्ही म्हणाल, एवढ्या यातायातीने पाहायचे काय, तर पुसट डाग?

आई मात्र कधी आखाड्यावर येत नसे. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आम्ही लातुरातच होतो. पुढे कित्येक रात्री आम्ही अंगणात निजत होतो आणि आई जागत बसे. तेव्हापासून रात्रीचे उघडे आभाळ तिला नकोसे झाले. गेल्या भाऊबिजेला नातवंडांच्या हट्टाने ती आली.

"आई, नीट तिच्याकडे बघू नकोस. जरा बाजूला बघ," भाऊ म्हणाला.

"जिला बघायचं तिच्याकडंच बघू नको म्हणतोस?"

डोळ्याच्या मधल्या भागाला मंद उजेड जाणवत नाही, कडेला जाणवतो, हे त्याने समजावले. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आहे रे. फुंकर घातली तर जाईल असं काहीतरी आहे."

मी म्हटले, "आई, हा उजेड निघाला तेव्हा आपल्या पायाखालचा हा काळा खडकसुद्धा नव्हता. त्याचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा."

आईने पायाने जमीन चाचपली. "म्हणजे ही तर लेकरूच की," ती म्हणाली.

मग तिने सतरंजी मागून घेतली. दव पडू लागले तेव्हा आम्हालाच तिला झोपेतून उठवावे लागले.