तळ्यातली रोवणी

मैत्रिणींनो, तुमच्या गावी तळं आहे का? आमच्या गोंदिया जिल्ह्यात ती गावोगाव आहेत. कोहळी लोकांनी भातशेतीसाठी दोन-तीनशे वर्षांपूर्वी बांधलेले हे मालगुजारी तलाव. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले अन् देखभाल सुटली. बेशरमाची झुडपं माजली, गावठी मासोळी घटली.

गेल्या पावसाळ्यात नणंदेकडे अर्जुनी मोरगाव तालुक्यात गेले होते. तिथं ढिवर समाजाच्या बायका गुडघाभर पाण्यात रोवणी करताना दिसल्या. भाताची नव्हे हं, पाणवनस्पतींची! उन्हाळ्यात बेशरम मुळासकट उपटून तळ नांगरून ठेवला होता.

"बाई, चाराच नाही तं मासोळी राहीन कशी?" एकीनं मलाच विचारलं. वर्गात मी 'गाळ काढा, पाणी साठवा' एवढंच शिकवत आले, ओशाळलेच. या वनस्पतींच्या आडोशाला मासे अंडी घालतात, पाखरांचं पोट भरतं. अन् मासोळी मिळाली तरच या बायकांची चूल पेटते.

तेव्हा तुमच्या गावचं तळं सुशोभित करायला कुणी निघालं, तर नुसत्या सिमेंटच्या काठावर भाळू नका. पाण्यातली हिरवळ राहू द्या, असं आपणच सांगायला हवं. नाही का?