दाराची कडी

पूर्वी गावात एखादी गोष्ट सर्वांना कळवावयाची झाली म्हणजे दवंडी पिटत. डफ वाजवीत माणूस चावडीपासून निघे, चौकाचौकांत थांबे, मोठ्याने निरोप सांगे आणि पुढे जाई. ज्याला ऐकावयाचे असेल त्याने ऐकावे, नसेल त्याने आपले काम करावे. भाजी विकणाराही रस्त्यावरून असाच पुकारा करीत जातो. पण कोणाच्या घरात शिरून, जेवावयास बसलेल्या माणसाच्या तोंडापुढे तो टोपली धरीत नाही. पुकारा करण्याचा हक्क विकणाऱ्याचा आणि दार उघडण्याचा हक्क घरधन्याचा, ही मर्यादा कोणी लिहून ठेवली नव्हती. तरी ती सर्वांना ठाऊक होती.

छापील वर्तमानपत्रांनीही ही मर्यादा पुष्कळशी पाळली. भारतातील पहिले छापील वर्तमानपत्र जेम्स ऑगस्टस हिकी याने १७८० साली कलकत्त्यास काढले. ते जाहिरातींचे पत्र आहे, हे त्याच्या लांबलचक नावातच सांगितलेले होते. तेव्हा जाहिरात ही काही आजकालची नव्हे आणि मुळात ती वाईटही नव्हे. कागद, छपाई, बातमीदारांचे वेतन हा सारा खर्च वाचकाने दिलेल्या किमतीतून सहसा भागत नाही. उरलेला भार जाहिराती उचलतात. शिवाय छापलेली जाहिरात आपल्या चौकटीत गप्प बसून असते. नजरेला तिला ओलांडून जाता येते. ती वाचकाचा पाठलाग करीत नाही आणि तो काय वाचतो याची टिपणेही ठेवीत नाही.

आंतरजालावर जाहिरात आली तेव्हा तीही प्रथम अशीच गप्प होती. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेतील 'हॉटवायर्ड' या संकेतस्थळावर एक लांबट रंगीत पट्टी झळकली. 'एटी अँड टी' या दूरध्वनी कंपनीची ती जाहिरात होती. नवलाईमुळे पुष्कळांनी ती उघडून पाहिली. पण नवलाई किती दिवस टिकणार? पट्ट्या वाढल्या, तशी त्यांच्याकडे न पाहण्याची सवयही लोकांना लागली. मग जाहिरातदारांना वाटू लागले, नुसते उभे राहून भागत नाही. वाट अडविली पाहिजे.

ही वाट अडविण्याची युक्ती कशी निघाली, त्याची हकीकत मोठी बोधप्रद आहे. 'ट्रायपॉड' नावाच्या एका अमेरिकन संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही आपली पाने फुकट मांडता येत. संस्थेचा खर्च जाहिरातींवर चाले. एकदा एका मोटार कंपनीची जाहिरात अशोभनीय मजकुराच्या पानावर झळकली आणि कंपनी संतापली. तेव्हा संस्थेतील एथन झुकरमन यांनी तोड काढली. जाहिरात पानावर न दाखविता वेगळ्या खिडकीत उघडावी, म्हणजे तिचा त्या मजकुराशी संबंध भासणार नाही. हेतू साधा होता. परंतु ती खिडकी पुढे साऱ्या जगात वाचकांच्या डोळ्यांसमोर एकसारखी उघडू लागली. २०१४ साली झुकरमन यांनी लेख लिहून या गोष्टीबद्दल लोकांची जाहीर क्षमा मागितली. क्षमा मिळाली असेलही. पण एकदा सुटलेली युक्ती काही परत आली नाही.

आज सातवीतील एखादी मुलगी इंद्रधनुष्य कसे पडते हे वाचण्यासाठी मोबाइलवर एक पान उघडते. दोन ओळी वाचून होतात न होतात तोच बुटांचे चित्र मजकूर झाकून टाकते. ते बंद करण्याची फुली मोहरीएवढी. तिच्यावर बोट ठेवावे तर शेजारीच पडते आणि दुकान उघडते. मागे फिरावे तर खालून एक चलच्चित्र मोठ्याने बोलू लागते. तेवढ्यात कोणी तिचे अभिनंदन करून, तिने न लावलेल्या सोडतीचे बक्षीस तिला जिंकून देतो. या साऱ्या गलबल्यात पावसाच्या थेंबातून प्रकाशकिरण कसा वळतो, हे समजून घेण्याची तिची उत्सुकता मात्र विरून जाते. कोणी तिचे पैसे चोरले नाहीत हे खरे. पण तिचे लक्ष हिरावून नेले. आणि लक्ष हे विद्यार्थ्याचे मोठेच धन आहे.

हे घडते कसे, ते समजून घेण्यासारखे आहे. छापील पानावर मजकूर आणि जाहिरात एकाच कागदावर येतात. आंतरजालावरील पान मात्र तुकड्यातुकड्यांनी जुळविले जाते. वाचकाने पान मागितले की मजकुराबरोबर काही सूचनाही येतात: अमुक चित्र अमुक ठिकाणाहून आणावे, तमुक जाहिरात तमुक ठिकाणाहून. पाने उघडून दाखविणारा ब्राउझर आज्ञाधारक गड्याप्रमाणे त्या त्या पत्त्यावर धाव घेतो. या वाचकाला कोणाची जाहिरात दाखवावी, यासाठी पुष्कळदा तेथे चक्क लिलाव होतो. 'कुकी' नावाची ओळखीची एक बारीकशी खूण वाचकाच्याच यंत्रात ठेवलेली असते. तिच्या आधारे त्याने पूर्वी काय काय पाहिले याचा माग काढता येतो आणि त्यावरून बोली लागते. डोळ्याचे पाते लवते न लवते इतक्यात हा व्यवहार उरकतो. म्हणजे मौज अशी की, जाहिरात आपल्या पायांनी येतच नाही. वाचकाचाच मोबाइल तिला आणावयास जातो, आणि त्यासाठी खर्च होणारा डेटाही वाचकाचाच!

हे वर्म ज्यांच्या ध्यानात आले, त्यांनी जाहिरातींना अडविणारे साधन तयार केले. त्यालाच अॅड ब्लॉकर म्हणतात. डेन्मार्कमधील हेन्रिक ओस्टेड सोरेनसेन या विद्यार्थ्याने २००२ साली 'अॅडब्लॉक' ही पहिलीवहिली आवृत्ती रचली. हे साधन कोणाची जाहिरात फाडीत नाही, की दुसऱ्याच्या संकेतस्थळाची मोडतोड करीत नाही. त्याच्याजवळ जाहिरातींच्या आणि पाळत ठेवणाऱ्यांच्या पत्त्यांची यादी असते. ब्राउझर एखाद्या पत्त्याकडे निघाला की ते यादी पाहते. पत्ता तीत सापडला, तर 'तेथे जाऊ नकोस' एवढेच सांगते. अशी 'ईझीलिस्ट' नावाची यादी २००५ साली सुरू झाली. जाहिरातींचे पत्ते सारखे बदलत असल्यामुळे ती रोज दुरुस्त करावी लागते, आणि हे कष्टाचे काम स्वयंसेवक करीत आले आहेत. रेमंड हिल यांनी 'यूब्लॉक ओरिजिन' हे साधन लोकांना फुकट दिले. त्यासाठी ते देणगीसुद्धा घेत नाहीत. परक्या माणसाचे लक्ष शाबूत राहावे म्हणून कोणी असे खपते, ही गोष्ट मनाला दिलासा देणारी आहे.

हे साधन केवळ सुखासाठी आहे असेही नाही. प्रसिद्ध संस्थांची हुबेहूब नक्कल करून काही लबाड लोक जाहिरातींच्या मार्गाने फसवणूक करतात. म्हणूनच डिसेंबर २०२२ मध्ये एफबीआय या अमेरिकेच्या तपाससंस्थेने, आंतरजालावर शोध घेताना जाहिरातरोधक वापरावा, असा सल्ला नागरिकांना दिला. भारत सरकारनेही नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकांना भुलविण्याचे तेरा प्रकार नोंदवून त्यांना मनाई केली. वारंवार मध्येच अडवून त्रास देणे आणि जाहिरातीला बातमीचे सोंग देणे, हे त्यांतलेच दोन. त्याच वर्षी संमत झालेल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात, अठरा वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवू नये व त्यांना हेरून जाहिराती दाखवू नयेत, असे कलम घातलेले आहे.

येथवर न्याय सरळ दिसतो. पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे. इंद्रधनुष्यावरील ते पान कोणी तरी मेहनतीने लिहिलेले असते. कोणी चित्रे काढलेली असतात, कोणी चुका तपासलेल्या असतात. त्या साऱ्यांना पोट आहे. प्रत्येक वाचकाने प्रत्येक जाहिरातीला दार लावले, तर त्यांची मजुरी कोण देणार? २०११ साली 'अॅडब्लॉक प्लस' या साधनाच्या चालकांनी यावर तडजोड काढली. ज्या जाहिराती शांत आणि आटोपशीर असतील, त्यांना येऊ द्यावयाचे ठरले. परंतु मोठ्या कंपन्यांकडून ते त्यासाठी पैसे घेऊ लागले, तेव्हा 'पहारेकऱ्यानेच जकात बसविली' असा आक्षेप निघाला. प्रकरणे न्यायालयांतही गेली. असे साधन पुरविणे ही अनुचित स्पर्धा नव्हे, असा निर्णय जर्मनीच्या संघीय न्यायालयाने २०१८ साली दिला. मात्र लेखनाच्या स्वामित्वहक्काचा प्रश्न २०२५ साली त्याच न्यायालयाने पुन्हा खालच्या न्यायालयाकडे विचारार्थ पाठविला. शहाण्या न्यायाधीशांनाही या प्रश्नाचा निकाल एका वाक्यात देता आलेला नाही.

मोबदला देण्याचे दुसरे मार्ग नाहीत असे मात्र नव्हे. विकिपीडिया हा प्रचंड ज्ञानकोश जाहिरातींवाचून चालतो. तो वाचकांच्या देणग्यांवर उभा आहे. काही वर्तमानपत्रे वर्गणी घेतात. काही संकेतस्थळे गप्प, स्थिर जाहिरातींवरच समाधान मानतात. अॅड ब्लॉकरमध्येही अशी सोय असते की, एखाद्या संकेतस्थळाचे वागणे सभ्य वाटले, तर तेवढ्यापुरती मनाई उठविता येते. पण या सोयीचा उपयोग सर्वच करतात असे नाही. एकदा अडसर घातला की तो पुन्हा काढण्याचा माणसाला आळस येतो. ज्याचे लिहिणे रोज आवडीने वाचावयाचे, त्याच्या श्रमाचे मात्र काहीच द्यावयाचे नाही, हेही वागणे सरळ नव्हे.

कोणाला आत घ्यावयाचे आणि कोणाला बाहेर ठेवावयाचे, हे घरच्यांनीच ठरवावे लागते. दांडगाईने आत घुसणाऱ्यासाठी दाराला कडी घालावी, यात काहीच गैर नाही. पण सकाळी पेपर टाकणारा मुलगा येतो, दूधवाला येतो, त्या वेळी तीच कडी काढावी लागते आणि महिनाअखेर त्यांचे पैसेही चुकते करावे लागतात. कडी केवळ दार बंद करण्यासाठी नसते. ती आतल्या बाजूस असते, ती उघडणे न उघडणे घरच्या माणसाच्या हाती असावे म्हणून!