ओआरएसचं पाकीट आणि बनगावचे ड्रम

तुमच्या घरातल्या औषधांच्या डब्यात ओआरएसचं एखादं पाकीट असेलच. पोरांना जुलाब लागले की आपण ते फोडतो, लिटरभर पाण्यात ढवळतो आणि विसरून जातो. हे पाकीट आपल्या घरापर्यंत पोचलं त्यात निर्वासितांच्या छावणीतल्या आयांचा मोठा वाटा आहे, असं सांगितलं तर पटेल का तुम्हाला?

मी मूळची साताऱ्याची. कंटेंट रायटर आहे, नोकरीमुळे सध्या कोलकात्यात राहते. माझ्या घरमालकीणबाई, ज्यांना मी माशीमा म्हणते, १९७१ साली सात वर्षांच्या होत्या. त्या वर्षी मार्चमध्ये पाकिस्तानी लष्कराने पूर्व पाकिस्तानात कत्तल सुरू केली आणि वर्षअखेरपर्यंत जवळजवळ १ कोटी माणसं सीमा ओलांडून भारतात आली. माशीमा, त्यांचे आईवडील आणि तीन वर्षांचा धाकटा भाऊ जेसोरकडून चालत बनगावला पोचले. बनगाव म्हणजे सीमेलगतचं गाव. आज सियालदहहून लोकल ट्रेनने सहज जाता येतं.

बी.ए.ला माझा विषय इंग्रजी होता, त्यामुळे स्थलांतरावरच्या कथा-कादंबऱ्या भरपूर वाचल्यात. त्यातले निर्वासित रडतात, घराच्या किल्ल्या जपून ठेवतात, गावाच्या आठवणी काढतात. त्यांना जुलाब मात्र होत नाहीत! खऱ्या छावणीत सगळ्यात आधी तेच होतं. दाटीवाटी, पावसाळा, घाण झालेलं पाणी आणि मग कॉलरा. कॉलऱ्यात शरीरातलं पाणी आणि क्षार इतक्या झपाट्याने निघून जातात की धडधाकट माणूस काही तासांत दगावू शकतो. माशीमांचा भाऊ सकाळी खेळत होता, रात्री नव्हता. त्याच्याबद्दल त्या एवढंच बोलतात.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात डॉ. दिलीप महालनबीस नावाचे बालरोगतज्ज्ञ कोलकात्याहून आपली टीम घेऊन बनगावच्या हॉस्पिटलात आले. दोन खोल्या, आणि जमिनीवर रुग्णच रुग्ण. शिरेतून सलाईन लावायचं तर विष्ठेत आणि उलटीत गुडघे टेकून बसावं लागे. दोन दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की असं चालायचं नाही. सलाईन पुरणार नव्हतं आणि ते लावता येणारी माणसंही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

आता जरा शास्त्र. नुसतं मिठाचं पाणी पाजलं तर जुलाबात ते फारसं अंगी लागत नाही. पण सोबत ग्लुकोज असेल तर आतडं ते ग्लुकोज घेताना मीठही आत ओढतं आणि मिठामागोमाग पाणी जातं. हे १९६० च्या दशकात ढाका आणि कोलकात्यातल्या प्रयोगांत दिसलं होतं. मात्र ते प्रयोग झाले हॉस्पिटलात, डॉक्टरांच्या नजरेखाली. छावणीच्या चिखलात, शिक्षण नसलेल्या नातेवाइकांच्या हाती हे सोपवायचं, याला तेव्हा बहुतेकांनी वेडेपणाच म्हटलं असतं.

महालनबीसांनी ते सोपवलं. लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा. कोलकात्यात मोजून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरायचं, गरम इस्त्रीने पिशवीचं तोंड बंद करायचं आणि बनगावला पाठवायचं. तिथे ते मोठ्या ड्रममध्ये कालवलं जाई. नातेवाइकांनी मग भरून न्यायचे आणि रुग्णाला पाजत बसायचं.

लोक साधं पाणी औषध म्हणून घ्यायला तयार होईनात, म्हणून त्याला 'तोंडाने घ्यायचं सलाईन' म्हणत. मला हे फार ओळखीचं वाटलं. आमच्या गावाकडेही बाटली टांगल्याशिवाय डॉक्टरने काही केलं असं कुणाला वाटतच नाही.

भाऊ गेल्यावर थोड्याच दिवसांत माशीमाही आजारी पडल्या. त्यांना आठवतो तो आईच्या हातातला मग आणि खारट-गोड चव. "मी थुंकायचे, आई परत पाजायची. रात्रभर तेच. शेजारच्या बाईला कुणी नव्हतं, तर तिलाही आईच पाजत होती." आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. स्वतःचं मूल गमावून फार दिवस झालेले नव्हते.

अशा हातांनी त्या दोन महिन्यांत ३००० हून अधिक रुग्ण सांभाळले. छावण्यांमध्ये कॉलऱ्याच्या १०० रुग्णांमागे जवळजवळ ३० दगावत होते. या पाण्याने तो आकडा ४ च्याही खाली आला. तरी जगाने लगेच मान डोलावली नाही. हा अनुभव शोधनिबंध म्हणून छापून यायला १९७३ उजाडलं. आणि १९७८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने लिहिलं की हा बहुधा या शतकातला सगळ्यात महत्त्वाचा वैद्यकीय शोध असावा. महालनबीस २०२२ मध्ये गेले, पद्मविभूषण २०२३ मध्ये मरणोत्तर मिळालं. जरा आधी दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

ज्या भूमीतून १ कोटी लोक बाहेर पडले, त्याच बांगलादेशात आता कॉक्स बझारच्या छावण्यांत म्यानमारहून आलेले सुमारे १० लाख रोहिंग्या राहतात. तिथे झोपडीझोपडीत जाऊन ओआरएस कसं द्यायचं, कधी दवाखाना गाठायचा हे सांगणाऱ्यांत स्वतः रोहिंग्या स्वयंसेवकही आहेत. निर्वासित म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रांगेत हात पसरून उभा असलेला माणूस येतो, माझ्याही येतो. माशीमांच्या आईने त्या रात्री जे केलं ते नर्सचं काम होतं. फक्त तिला तसं कुणी म्हटलं नाही.

हे सगळं वाचून झाल्यावर मी माशीमांना महालनबीसांचा फोटो दाखवला. त्यांना नाव माहीत नव्हतं. डॉक्टरांचा जन्म किशोरगंजचा, म्हणजे आज बांगलादेशात असलेल्या गावचा, हे ऐकून त्या खूश झाल्या. "म्हणजे आमच्याच बाजूचा!" मग चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "ते ड्रम नक्की कधी आले गं?"

"जून संपता संपता," मी म्हटलं.

त्यांनी बोटांवर मोजलं. जूनच्या मध्यावर बंगाली आषाढ लागतो. "खोका गेला तेव्हा ज्येष्ठ संपत आला होता," त्या म्हणाल्या. फोन माझ्या हातात दिला आणि भात टाकायला आत गेल्या.