म्युन्सिंगेनच्या कबरी आणि तीस पिना

स्वित्झर्लंडमध्ये बर्नहून थूनकडे जाणारी लोकल पाव तासात म्युन्सिंगेनला पोहोचते. आरे नदीच्या खोऱ्यातले हे नीटनेटके गाव. हवा स्वच्छ असली तर दूरवर आल्प्सची बर्फाळ रांग दिसते. पर्यटक इथे फारसे उतरत नाहीत. ते पुढे सरोवराकडे जातात. मात्र पुराणवस्तूंच्या अभ्यासकांना या गावाचे नाव तोंडपाठ असते.

इथल्या ‘राइन’ नावाच्या जागेवर (ऱ्हाइन नदीशी तिचा संबंध नाही) 1906 मध्ये याकोब वीडमर-श्टेर्न यांनी एक जुने कबरस्तान खणले. दोनशेहून अधिक कबरी निघाल्या. त्या केल्ट लोकांच्या होत्या, हुजूर (स.) यांच्या जन्माच्या साधारण आठशे ते हजार वर्षे आधीच्या. कबर उघडणे आपल्या मनाला रुचत नाही, आणि संग्रहालयात त्या वस्तूंसमोर उभे राहतानाही ती टोचणी जात नाही. पण वीडमर-श्टेर्न यांनी एक काम चोख केले: कोणती वस्तू कोणत्या कबरीतली, याची नोंद ठेवली. पुढचे सगळे त्या नोंदीवर उभे आहे.

वस्तू आता बर्नच्या इतिहास संग्रहालयात आहेत. त्यांत लक्ष वेधून घेतात त्या कपडे अडकवायच्या धातूच्या पिना. काही स्त्रियांच्या कबरींत तर एकाच अंगावर अनेक. सोबतच्या भाचीने काचेपाशी उभे राहून नकळत आपल्या हिजाबची पिन चाचपली. रचना तीच: एका टोकाला तारेचे वेटोळे, मधे कमान, दुसऱ्या टोकाला सुई अडकवायची जागा. फरक घडणीत. जुन्या पिनांचे टोक मागे वळून कमानीकडे येते, पण सुटे राहते. नंतरच्या पिनांत ते कमानीला जखडलेले असते.

जाणकार नुसत्या नजरेने जुनी कोणती, नवी कोणती ते सांगत. पण दोन जाणकारांची नजर एक नसेल तर? 1966 मध्ये हॉडसन, स्नीथ आणि डोरन या तिघांनी इथल्या तीस पिना घेऊन संगणकावर प्रयोग केला. गंमत म्हणजे स्नीथ हे जंतुशास्त्रज्ञ. जंतूंचे गट पाडण्याची त्यांची रीत इथे पिनांना लावली. पिनेची लांबी, कमानीचा आकार, वेटोळ्यांची संख्या असे प्रत्येक वैशिष्ट्य आकड्यात मांडायचे, प्रत्येक पिन दुसरीशी ताडून पाहायची आणि सारख्या निघतील त्या एकत्र ठेवायच्या.

पण हे गट खरे कशावरून? उत्तर जमिनीत होते. हे कबरस्तान एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाढत गेले होते. त्यामुळे कबरीची जागा हीच तिच्या काळाची खूण, आणि आकड्यांचा हिशोब तिच्याशी पडताळता येत होता. 1971 मध्ये डेव्हिड केंडल या गणितज्ञाने 59 कबरी आणि त्यांतल्या वस्तूंचे 70 प्रकार एवढाच तक्ता संगणकाला दिला. नकाशा दिला नाही. संगणकाने कबरींचा जो क्रम लावला, तो पुराणवस्तूतज्ज्ञांच्या क्रमाशी बराचसा जुळला. पुढे याच केंडल यांनी आकाराचे गणित रचले. वस्तूची जागा, तिचे लहानमोठेपण आणि ती कोणत्या दिशेला वळली आहे, हे बाजूला काढल्यावर जे उरते तो आकार, अशी त्यांची व्याख्या.

माझ्या मते यात संगणकाचे कौतुक थोडे जास्तच होते. तीच पिन बाजारात सुटी विकायला आली असती, तर कितीही मोजली तरी तिच्या गटाचा पडताळा घ्यायला काही उरले नसते. तिला बोलते केले ते कबरीच्या क्रमांकाने. आपल्या कबरस्तानांत असे मोजायला कोणाला काही सापडणार नाही. कफनाला ना पिन, ना बक्कल.

बर्नला जाणे झाले तर स्टेशनवरून किर्खेनफेल्ड पूल ओलांडून चालतच संग्रहालय गाठता येते. मध्य आशियातून हेन्री मोझर यांनी जमवलेल्या इस्लामी शस्त्रांचा व कलावस्तूंचा मोठा संग्रहही याच संग्रहालयाकडे आहे. त्यासाठी मात्र दुसरा दिवस राखून ठेवावा.